दाब की ताप

अक्काचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजी निवडत बसले होते. "इंदू, सीनू गेले गे," ती म्हणाली. आणि पुढचं वाक्य काय, तर "तू जेवलीस की?" आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत हे असंच. आभाळ कोसळलं तरी आधी पानाची चौकशी. मी जेवले म्हणून खोटं सांगितलं आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. रडून संपलं नाही, पण सीनू भावोजी आठवले की आधी हसूच येतं, त्याला मी तरी काय करू?

सीनू भावोजी, म्हणजे श्रीनिवासराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनिअर होते. टेबलावर फायली आणि फायलींखाली मोटारींची मासिकं. नव्वदीची सुरुवात होती. बाजारात रोज काहीतरी नवं उतरत होतं, आणि या माणसाचा जीव खुर्चीत रमत नव्हता. त्यांना नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं, जुन्या डिझेल गाड्यांना नवा जोर द्यायचा होता. हे ऐकून आमचे अप्पा असे भडकले की विचारू नका! अप्पा तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सरकारी नोकरी सोडणारा जावई त्यांना वेडाच वाटला. शेवटी अक्काच्या रडण्याला कंटाळून त्यांनी अट घातली. "तुझी ती खटारा जीप आहे ना? तिच्यात आठ माणसं बसवून कोल्ली मलैचा घाट चढून दाखव. वाटेत एकालाही उतरावं लागलं, तर वर्कशॉपचं नाव काढायचं नाही."

अप्पांनी पेच बरोबर टाकला होता. ती जीप चौघांना घेऊन रेल्वेच्या पुलावर चढताना धापा टाकायची. भावोजींनी मासिकात एक जाहिरात पाहिली होती. पुण्यातला एक मेकॅनिक जुन्या जीपना टर्बोचा संच करून द्यायचा. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, एवढंच मला त्यांनी समजावलं होतं. आम्ही दोघं एसटीडी बूथवर गेलो. भावोजी फोनवर ओरडले, "मला टर्बो होणा!" पलीकडून पुणेकर म्हणाला, "काय होणार?" "होणार नव्हे हो, होणा!" आमच्याकडे 'पाहिजे'ला 'होणा' म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? बिल भराभर पळत होतं आणि मी हसून हसून बेजार झाले होते.

पार्सल आलं, आणि बसवायचं कसं हे विचारायला पुन्हा बूथ. या वेळी भावोजी ऐकून मोठ्यानं म्हणत होते आणि मी काउंटरवर लिहून घेत होते. घरात मराठी, पण अक्षरं तमिळ. देवनागरी आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती, मी ती शिकले लग्नानंतर पुण्यात येऊन. त्यामुळे सगळी मराठी मी तमिळ अक्षरांत उतरवली, जशी आमची आई पाककृती उतरवायची.

पुढचे तीन रविवार अंगणात नुसता धुमाकूळ. जीपचं तोंड उघडं, अक्काच्या पाटावर नळ्या, क्लॅम्प, बोल्ट मांडलेले, आणि आई ओरडते आहे की कुणीतरी तिची इडलीची भांडी रॉकेलनं धुतली. (मीच धुतली होती. नटबोल्ट बुचकळायला एवढं सोयीचं भांडं घरात दुसरं नव्हतं.) संच बसला, पण चाचणी करणार कुठे? तंजावूरात चढ औषधालाही सापडायचा नाही. भावोजींनी जीपमध्ये भाताची पोती भरली आणि तिरुवैयारूच्या रस्त्यावरचे नद्यांचे सगळे पूल एकामागून एक चढून उतरून पाहिले. लोक थांबून बघायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलंसुद्धा, "काय हो, तांदूळ फिरायला नेताय का?"

ठरल्या दिवशी पहाटेच निघालो. भावोजी, अप्पा, आई, अक्का, मी आणि पापनाशमचे काका, काकू नि त्यांची मुलगी. मांडीवर पुळियोदरैचे, म्हणजे चिंचेच्या भाताचे डबे. घाट सुरू झाला आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. जीप चढत होती! खरंच चढत होती! भावोजींची नजर मात्र इंजिनाच्या उष्णतेच्या काट्यावर खिळलेली. दोन वळणं झाली की ते सांगायचे, "ताप नाही. बिलकुल ताप नाही." शेजारी नवा बसवलेला दुसरा काटा लाल पट्टीत जाऊन थरथरत होता, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

आणि मग फाट्कन आवाज झाला. काकूंनी किंकाळी फोडली, जीपनं मान टाकली आणि ती वळणावरच उभी राहिली. आईनं दाराला हात घातला...

"कोणीही उतरायचं नाही!" अप्पा गरजले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अट त्यांची, जावयाला हरवायचं त्यांनाच होतं ना? पण ते पुढची दांडी घट्ट धरून बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. काका म्हणाले, "सीनू उतरला की." अप्पा म्हणाले, "चालवणाऱ्याला धरत नाहीत."

भावोजींनी बॉनेट उघडलं. हवेची नळी निसटून लोंबत होती. त्यांनी खिशातून माझा कागद काढला आणि रडवेल्या आवाजात वाचला, "ताप चढू देऊ नका, नळी सुटेल. अहो, ताप कुठे चढलाय?" तेव्हा माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. तमिळमध्ये 'त' आणि 'द' एकच अक्षर, 'प' आणि 'ब'सुद्धा एकच. दाब लिहा, ताप लिहा, कागदावर दोन्ही सारखेच! मी जागेवरूनच ओरडले, "भावोजी, दाब! तो पुणेकर दाब म्हणाला होता!"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. नळी फाटली नव्हती. क्लॅम्प आवळला आणि दाबाचा काटा बघत, हलक्या पायानं, त्यांनी जीप वर नेली. माथ्यावर सगळ्यांत आधी अप्पा उतरले. धोतर झटकलं आणि जावयाला म्हणाले, "राजीनामा इंग्रजीत लिही. तमिळ अक्षरांत नको."

वर्कशॉप निघालं, नावारूपाला आलं. आमचं भांडण मात्र तीस वर्षं मिटलं नाही. मी म्हणायची, चूक वाचणाऱ्याची. ते म्हणायचे, चूक लिहिणारीची. लग्नात, बारशात, माझ्या नवऱ्यासमोर, जावयासमोर, भेटले की सुरू. मी कधी हरले नाही, तेही हरले नाहीत. असा भांडायला माणूस मिळणं हे भाग्य असतं, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

दिवसकार्य आटोपून बाकीचे पांगल्यावर अक्कानं एक वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी रक्तदाब आणि ताप रोज लिहून ठेवायला सांगितलं होतं. रोज दोन ओळी, भावोजींच्या हातच्या, तमिळ अक्षरांत. दोन्ही ओळींत तोच शब्द. फक्त पहिल्या, दाबाच्या ओळीत दोन अक्षरांखाली एकेक टिपकं. "हे कशाला गे?" अक्कानं विचारलं. मी पानं उलटत गेले. अक्षर वाकडं होत गेलेलं, पण टिपकं एकदाही चुकलेलं नाही. शेवटच्या पानावर आकड्यांच्या खाली लिहिलं होतं, "इंदू आली की दाखव. टिपकं दिलंय."

मी अक्काकडून पेन मागून घेतलं आणि त्याखाली लिहिलं, "वाचलं, भावोजी. बरोबर वाचलं." तमिळ अक्षरांतच लिहिलं, आणि 'बरोबर'मधल्या दोन्ही ब-खाली टिपकं दिलं.