वहिनीचा पहिला घास

फोन दादाचाच होता. मी यवतमाळला ऑफिसात नुकताच पोचलो होतो. "मिलिंद, उज्ज्वला उठून नाही राह्यली," तो म्हणाला. दादाला कितीतरी वर्षांपासून असे आवाज ऐकू येतात जे आम्हाला येत नाहीत... भिंतीतले, रिकाम्या अंगणातले. म्हणून मी विचारलं, "दादा, गोळी घेतली का?" त्याने फोन ठेवला. मी कामाला लागलो. बऱ्याच वेळाने शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा कळलं की बाभुळगावच्या घरात उज्ज्वलावहिनी पहाटे झोपेतच गेली होती आणि दादा तिच्या उशाशी एकटा बसून होता. मी लवकर पोचलो असतो तरी ती वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. पण दादा तेवढा वेळ एकटा बसला नसता.

लग्नानंतर काही वर्षांनी त्याचा आजार सुरू झाला. जेवणात कोणीतरी काहीतरी कालवतं, हा त्याचा संशय. गोळी तो थुंकून द्यायचा. मग आईने आणि मी ती कुटून वरणात घालायला सुरुवात केली. पुष्कळ घरांत हेच करतात, आम्हाला त्यात गैर वाटलं नाही. एकदा वाटीच्या तळाशी त्याला पांढरे कण दिसले. त्याने वाटी उचलून माझ्यासमोर धरली. "मी म्हणत होतो ना?" बस, तेवढंच. त्याच्या संशयावर आम्हीच शिक्का मारला होता. त्यानंतर तो फक्त स्वतः सोलता येईल ते खायचा, केळी आणि शेंगा. गालफडं बसली.

डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना बोलावलं. "पेशंट तो आहे, आमचं काय काम?" मी घड्याळाकडे बघत म्हणालो. त्यांनी उलट विचारलं, "घरात वाढतं कोण?" शाळेतल्यासारखा वहिनीने हात वर केला. लपवून काही देऊ नका, आवाजांवरून त्याच्याशी वाद घालू नका, तो सांगेल ते आधी ऐकून घ्या, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावली. वहिनी मात्र ते घेऊनच घरी आली.

त्या संध्याकाळी तिने दादाचं ताट वाढलं, गोळी उघडी काठावर ठेवली आणि त्याच्या देखत त्याच ताटातला पहिला घास स्वतः खाल्ला. आई भडकली. "नवऱ्याच्या आंधी जेवते व बाई! लाज नाही वाटत?"

"लय भूक लागली व माय," वहिनी म्हणाली. मग दादाकडे वळली. "पाहा, खाल्लं मी. मेली का?"

दादा कितीतरी दिवसांनी हसला. "तू कायले मरशीन, तू तर मलेच मारशीन!" आणि जेवला. गोळी लगेच नाही, पण काही आठवड्यांनी तीही स्वतः उचलायला लागला. पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत, लोक नावं ठेवत असताना वहिनी आधी घास घेत राहिली. आई गेल्यावरही मी फक्त सणासुदीला यायचो, "सगळं ठीक ना?" विचारायचो आणि शेवटची बस गाठायचो.

वहिनीच्या जलदान विधीच्या दिवशी सगळे जेवले, दादा नाही. वहिनी गेल्यापासून पुन्हा शेंगाच, गोळी बंद. तो भिंतीशी पुटपुटायला लागला होता. मी स्वयंपाकघरात गेलो आणि... खरं सांगतो, गोळी खलबत्त्यात टाकली होती. बत्ता हातात होता. तसाच थांबलो, गोळी बाहेर काढली आणि ताटाच्या काठावर ठेवली.

"हे काय?" दादाने विचारलं.

"गोळी."

"अन् वरणात?"

"वरणच."

त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. मी घास खाल्ला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुले मी खरं सांगतलं होतं, फोनवर."

"हो दादा. मी ऐकलं नाही."

त्याने ताट परत ओढलं.

आता तो आमच्याकडे यवतमाळला असतो. रोज त्याच्या ताटातला पहिला घास मी घेतो. घास गिळला, की दादा थोडा वेळ थांबतो, माझ्याकडे बघतो आणि मग जेवतो. वहिनीच्या घासानंतर तो कधी थांबत नसे.