चाखणारी आक्का

वासराच्या तोंडी जाणारी प्रत्येक गोष्ट आक्का आधी स्वतः चाखायच्या. चीक, गूळपाणी, औषधाची पूड, काहीही. जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या, आणि मान हलली तरच बादली पुढे सरकायची. "जे माज्या जिभंला नगं, ते त्याच्या पोटाला कशाला?" आंबवड्याच्या वरच्या धनगरवाड्यावर त्यांची जनावरं होती. आमची गाय व्यायली की त्यांना बोलावणं जायचं.

मुलांनो, तुमचे आजोबा गुरांचे डॉक्टर आणि मी प्राणिशास्त्राची पदवीधर. इंग्रजी पुस्तकात काही नवं सापडलं की चहाच्या वेळी मी त्यांना वाचून दाखवायची. ते ऐकायचे, पण कप ओठांशीच असायचा. आक्का अंगणात आल्या की मात्र कप खाली ठेवायचे. "बोला, आक्का." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी त्यांनी कप खाली ठेवल्याचं मला आठवत नाही.

व्यायल्यावर गायीची वार, म्हणजे गर्भाची पिशवी, पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. आक्का ती मानत नसत. "वार पडंल तवा पडंल. आतडं काय तवर थांबतंय व्हय? जलमल्या जलमल्या त्याचं दार सताड उघडं आसतं. चीक आत जाऊ द्या, न्हाईतर घाण जाईल." मी हट्टानं पुस्तकं उघडली. तिथे तेच होतं. पहिल्या दिवशी वासराचं आतडं प्रथिनं न पचवता अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं, मग ते दार लागतं. पण त्यापुढचं आक्कांना ठाऊक नव्हतं. लहान वासराच्या आतड्यातल्या काही गाठी नंतरही मोठ्या असतात. रोगी जनावराच्या मांसाहाडांतलं बिघडलेलं प्रथिन त्या वाटेनं आत शिरतं. ते पचत नाही, शिजवूनही नष्ट होत नाही, आणि नसांमधून मेंदू गाठायला वर्षं घेतं; मग जनावर बुजायला लागतं, अडखळतं आणि मरतं. मी हे सगळं वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "अर्धं तर आक्कांनी परवाच सांगितलं."

पाच वर्षांपूर्वी आमच्या एका गायीची कास सुजली आणि दूध आटलं. तिची कालवड तांबू तेव्हा तीन आठवड्यांची होती. मी भोरहून वासरांना पाजायच्या पावडरीची पिशवी आणली. आक्कांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि बाजूला थुंकल्या.

"ह्यात मेलेलं काईतरी हाय, बाई. पाजू नगा. म्या घरचं दूध धाडते."

आजोबा लक्ष देऊन ऐकत होते. तेच मला सहन झालं नाही.

"आक्का, तुम्हाला वाचता येत नाही. पिशवीवर सगळं लिहिलंय."

"न्हाई येत," पदरानं जीभ पुसत त्या म्हणाल्या. "तुमी वाचा की मग."

त्या गेल्या, आजोबाही शिवऱ्याला एक म्हैस बघायला गेले. मी चष्मा लावून लेबल वाचलं. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: मांस व हाडांची भुकटी.

पिशवी तिथल्या तिथे टाकून द्यायला हवी होती. पण मग आजोबांनी कारण विचारलं असतं, आणि आठवडाभर जेवताना आक्कांच्या जिभेचं कौतुक ऐकावं लागलं असतं. मी बादलीत पावडर कालवली आणि तांबूला पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाजली. मग दुधाची किटली घेऊन आक्का स्वतःच आल्या. पिशवी मी उकिरड्यात पुरली आणि आजोबांना सांगितलं, "पावडर चांगली होती, पण घरचं दूध बरं."

गेल्या महिन्यात आक्का वेल्ह्याला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा गोठ्यात आम्ही दोघीच होतो. मी सांगून टाकलं.

"ठाव हाय," त्या तांबूची मान खाजवत म्हणाल्या. "म्या दूध घिऊन आले तवा हिच्या तोंडाला वास व्हता."

"मग डॉक्टरांना का नाही बोललात?"

"तुमचं घर हाय, बाई. तुमीच सांगाल म्हनलं."

पाच वर्षं त्या गप्प राहिल्या होत्या. मला त्याचाही हेवा वाटला.

ती हाडं कुठल्या जनावराची होती, कुणास ठाऊक. बहुधा तांबूला काहीच होणार नाही. तरी ती उठताना अडखळते का, उगाच बुजते का, हे मी रोज सकाळी एकटीच बघत असते, आणि ते ओळखायला डॉक्टरची नजर लागते. म्हणून हे पत्र आधी आजोबांना वाचायला देते आहे. पाकीट तेच बंद करतील.