टेन्शनर मीच बसवला होता

गाईच्या पोटात डावा हात कोपरापर्यंत घालायचा आणि आतलं सगळं न बघता ओळखायचं, हा माझा धंदा. राहायला देवणीत, पण गाई भरवायला उदगीर ओलांडून पार मुखेडकडच्या गावांपर्यंत जातो. लोक डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, कृत्रिम रेतनाचा कोर्स केलेला माणूस आहे. मोटारसायकलीच्या मागं नायट्रोजनचा कॅन बांधलेला असतो, त्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. अस्सल देवणी जातीच्या वळूची कांडी हवी असली की लांबून बोलावणं येतं. वीस वर्षं हे काम केल्यावर अंगात एक ताठा भरला होता. डोळे फसतील, पण आपला हात फसणार नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर गाडी सकाळी सुरू केली की इंजिनातून खडखड यायला लागली. तापली की बंद, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. उदगीरच्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रीनं कान लावला आणि म्हणाला, "टायमिंग चेन वाजायली डॉक्टर. टेन्शनर गेलाय. गाडी दोन दिस सोडा, आतलं समदंच बघून देतो."

दोन दिवस गाडी कुठली सोडायला? गाय माजावर आली की जेमतेम एका दिवसाची वेळ असते. ती हुकली की तीन आठवडे थांबा. मी नुसता टेन्शनर विकत घेतला आणि घरी येऊन अंगणात पाने-स्क्रूड्रायव्हर पसरले.

इंजिनाच्या आत एक बारीक साखळी असते. ती झिजून सैल पडते, तिला मागून दाबून धरायला हा बोटाएवढा टेन्शनर. त्याचा दांडा स्प्रिंगच्या जोरावर पुढं सरकतो आणि सरकला की मागं येत नाही. नव्या टेन्शनरला दांडा आत अडकवून ठेवणारी एक पत्र्याची पट्टी होती. ती कशासाठी आहे हे बघायला मी ओढली, तर दांडा टपकन बाहेर. तो पुन्हा आत घ्यायचा असेल तर मागच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवावं लागतं, दोन्ही बोल्ट आवळून झाले की मग सोडायचं. हे मला ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारायचं मनातही आलं नाही. दांडा बाहेर तसाच ठेवून मी टेन्शनर इंजिनाच्या भोकात घातला. दिसत काहीच नव्हतं, बोटांना मात्र आत काहीतरी घट्ट लागलं. माझ्या धंद्यात असं घट्ट लागलं की समजायचं, जागेवर पोचलो. मी जोर लावून एकेक बोल्ट पिळत आणला.

खडखड गेली. बायकोला मुद्दाम बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "ते गेलं, पण आता सुंऽऽ असं काहीतरी करतंय की." मी म्हणालो, नवी वस्तू आहे, बोलणारच. तिला गाडीतलं काय कळतं, असंही वर म्हणालो.

आठ-दहा दिवसांनी मुखेडच्या अलीकडच्या एका गावातून संध्याकाळी फोन आला. फोन करणारी बाई माझ्या जुन्या ओळखीची. नवरा वारला तेव्हापासून घर दिराच्या हातात. दिराच्या गोठ्यात तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, लग्नात माहेरनं आंदण दिलेल्या कालवडीच्या वंशातली एक देवणी गाय. दोनदा भरवूनही ती गाभण राहिली नव्हती. दिरानं सांगून टाकलं होतं, तिसऱ्यांदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की बाजार.

"गाय दुपारपासून वरडायली, माजावर हाय," ती म्हणाली. "याच येळंला ऱ्हायली तर ऱ्हायली, न्हाईतर नेतेत तिला. लवकर या डॉक्टर." मी शब्द दिला, सकाळी नऊच्या आत गोठ्यात असतो.

उजाडताच निघालो. उदगीर सोडून पंधरा-वीस किलोमीटर झाले असतील. इंजिनात कडकन आवाज झाला आणि गाडी मेली. किक मारली तर पाय नुसता खाली गेला, काही अडलंच नाही. त्यानंतर किती किका मारल्या देव जाणे. त्या लोखंडाला मी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. फोन वाजत होता. "कुठंवर आलाव?" "आलोच." तीनदा हेच उत्तर दिलं.

गाडी ढकलत फाट्यावर नेली. तिथल्या मिस्त्रीनं दोन बोल्ट काढून टेन्शनर बाहेर ओढला आणि माझ्याकडं पाहिलं. "दांडा आत न घेता आवळलाय ह्यो. चेन ताणून गाईड मोडलं, चेन दाते सोडून सरकली, इंजिनाचे व्हॉल्व गेले वाकून. कुणी बसिवला?"

"उदगीरला बसवून घेतला," मी म्हणालो. तोंडातून सहज निघून गेलं.

गाडी तिथंच टाकली, कॅन खांद्यावर घेतला आणि रस्त्यावर हात करत उभा राहिलो. झाकणातून वाफ निघताना दिसली की जीपवाले थांबेनात. एकानं विचारलं, फुटतं का हे? मी समजावून सांगेपर्यंत तो निघूनही गेला. दहा वाजले, बारा वाजले. ऊन चढेल तशी त्या गाईची वेळ निघून चालली होती. शेवटी सोयाबीनची पोती नेणाऱ्या एका टेम्पोनं मागं बसवून घेतलं. गोठ्यात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

गाय शांत रवंथ करत उभी होती. तेव्हाच समजलो, तरी हात घातला. आत चिकट स्राव उरला नव्हता, गर्भाशय मऊ पडलं होतं, हात बाहेर काढला तर हातमोज्याला रक्ताचा बारीक धागा. वेळ निघून गेली होती. दीर दावं धरून उभा होता, बाई दाराशी. मी कांडी काढली, कोमट पाण्यात धरली आणि सगळं रीतसर केलं. काही उपयोग नाही हे मला ठाऊक होतं.

दिरानं विचारलं, "खोट गाईतच हाय ना डॉक्टर? खरं सांगा, परवा बाजार हाय."

बाई माझ्याकडं बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की गाय निरोगी आहे, उशीर मी केला, एकवीस दिवस थांबा, मी फुकट येतो. ते सोडून हात धूत मी म्हणालो, "बघू." दिरानं त्यातून हवा तो अर्थ घेतला आणि दावं सोडलं.

बाई मला गावच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. कॅनची एक कडी तिनं धरली होती. "उशीर झाला म्हणून गेलं ना?" तिनं विचारलं. "गाय चांगली हाय ना?"

"हो. गाय चांगली आहे."

"मग हे तितं का बोललाव न्हाई?"

जीप आली. मी कॅन मांडीवर घेऊन बसलो.

बाजाराच्या दिवशी सकाळपासून मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसलो होतो. दिराचा नंबर समोर होता. लावावा असं वाटायचं, मग वाटायचं, डॉक्टर वेळेवर येत नाही आणि स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, ही बातमी चार गावं फिरली की आपल्याला बोलावणार कोण? माझी मलाच किळस येत होती, तरी बोट पुढं जात नव्हतं. अकराच्या सुमाराला तिचाच फोन आला.

"गाय टेम्पोत चढंना गेली हुती," ती म्हणाली. "लई ओढली, मारली. शेवटी मलाच म्हणले, तू पुढं हो. मी आत जाऊन उभारले, तवा चढली."

एवढं सांगून तिनं फोन ठेवला.