शड्डू न ठोकता

समस्त कोल्हापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पैलवानांनी एका सकाळी कुणालाही मारलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारच्या गल्लीत अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

तालमीला लागून सार्वजनिक मैदान आहे. गल्लीतल्या पोरी तिथं खो-खो खेळतात. एका बिल्डरनं ते आपलंच म्हणून भिंत घालायचं काढलं आणि पैलवानांनी बाह्या सावरल्या. पण गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका, आमच्या सगळ्यांच्या बाई, आडव्या आल्या.

"एकानं जरी हात उचलला, तर पोलीस तुम्हाला घेऊन जातील आणि संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहील. नुसतं बसायचं."

"बसून काय हुतंय, बाई?" सगळ्यांत थोराड पैलवानानं विचारलं.

तालमीचे वस्ताद कोपऱ्यातून म्हणाले, "बाई सांगत्यात तसं करायचं. शड्डूबी ठोकायचा न्हाय."

वस्तादांनी सांगितल्यावर तालमीत उलट विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पायासाठी आखलेल्या फक्कीच्या रेघेवर आम्ही ओळीनं बसलो. मी थोराड पैलवानाच्या बरोबर मागे. माझी अहिंसा जन्मजात आहे, पण तिलाही आडोसा लागतो.

बिल्डरचा मुकादम मजुरांना घेऊन आला. आधी दरडावलं, मग शिव्या दिल्या. कुणी हलेना, तेव्हा त्यानं थोराड पैलवानाच्या थोबाडीत दिली. चांगली वाजली. पैलवानाचा हात सवयीनं मांडीकडे निघाला. मांडीवर थाप पडली की कुस्तीचं आव्हान झालं. बाई खाकरल्या. हात वाटेत घुटमळला, मांडी जराशी खाजवून जागेवर आला.

"बसा की पावणं," पैलवान म्हणाला, "उनात कशाला हुबं ऱ्हातायसा?"

मुकादमानं पुन्हा हात उगारला आणि तो वरच राहिला. मागे एका वयस्कर मजुरानं फावडं खाली ठेवलं. "गप बसलेल्याला मारायचं काम आमच्याच्यानं हुणार न्हाय," म्हणत तो टेम्पोकडे वळला. बाकीचेही त्याच्या मागोमाग गेले.

मैदानात उभा असा मुकादम एकटाच उरला. समोर पैलवानाच्या गालावर त्याची बोटं उमटलेली, आणि सगळी गल्ली त्याच्याकडे बघत बसलेली. शेवटी तो पैलवानापुढे वाकून म्हणाला,

"मारा की ओ, एक तरी मारा. असं निस्तं बघत बसू नगा, मला लई लाज वाटाय लागलीया."