शेजारणीची जुनी रायफल

शुगर लँडला आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेली एक टेक्सन बाई एकटी राहायची. तोंडावर मी तिला 'मॅम' म्हणायचे आणि मनात मावशी. २००३ च्या उन्हाळ्यात मी तिचं शिवणयंत्र दुरुस्त करून दिलं, आणि तेव्हापासून घरातलं काहीही बिघडलं की ती आधी माझं दार वाजवायची. मलाही ते हवंच असायचं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी सहा वर्षं इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार भाग तपासायला, होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले, नोकरीची परवानगी नाही म्हणून घरी बसले. दिवसभर हाताला काही काम नसलं की मी चिडचिडी व्हायचे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "हनी, या वेळी बिघडलंय ते जरा वेगळं आहे. हरणांच्या शिकारीची रायफल."

रायफल तिच्या नवऱ्याने तरुणपणी घेतलेली. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी उडाली की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकायची आणि पुढचं काडतूस आत घ्यायची. नवरा गेल्यावर ती एकटीच शिकारीला जायला लागली होती. गेल्या मोसमात पहिल्याच गोळीनंतर रायफल अडकली. बंदुकांच्या दुकानदाराने काडतुसं भरायचं मॅगझिन बदलून दिलं, पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, फार जुनं मॉडेल आहे, पार्ट मिळत नाहीत, भिंतीवर टांगून ठेवा.

रात्री जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं, तर त्याचा घास हातातच राहिला. "अगं, वेड लागलंय का? आपण व्हिसावर आहोत. उद्या काही प्रॉब्लेम झाला तर? हात लावायचा नाही."

त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी नाही सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग नको लावूस हात. हात माझे. तू नुसतं बघ आणि सांग."

तिच्या गॅरेजमध्ये पंखा गरम हवाच फिरवत होता. रायफल रिकामी असल्याची तिने तीनदा खात्री केली, मला दाखवलं, आणि टेबलावर जुना टॉवेल पसरून ती आडवी ठेवली. मी समोरच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसले.

"नक्की काय होतं ते सांगा. पहिल्यापासून."

"गोळी उडते. मग काहीतरी अडकतं."

"नवीन काडतूस आत जात नाही, की जुनी पुंगळी बाहेर येत नाही?"

हा प्रश्न दुकानदाराने विचारलाच नव्हता. डोळे मिटून तिने आठवलं. "जुनी आतच राहते. नवीन जाऊन तिच्यावर आपटतं."

म्हणजे मॅगझिनचा काही दोष नव्हता. दुकानदाराने गजाने ठोकून काढलेली पुंगळी तिने एका डब्यात ठेवली होती. मी ती भिंगातून बघितली. पुंगळी ओढून काढणारं एक बारीक नख रायफलीत असतं. पुंगळीच्या काठावर ते नख घसरल्याचा ओरखडा होता. नख आपलं काम करत होतं, पण पुंगळीच आत चिकटून बसत होती. तिच्या अंगावर पिवळट, चिकट डागही होते.

"आत टॉर्च मारा," मी म्हटलं. तिने दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत धरला. मी मान वाकडी करकरून बघत होते. काडतूस बसायच्या जागी लाखेसारखा चकचकीत तपकिरी थर दिसला.

"मोसम संपल्यावर रायफल कशी ठेवायचा तुमचा नवरा?"

"फार जपायचा गं! भरपूर तेल घालायचा, पुसायचा, पुन्हा तेल घालायचा आणि कपाटात उभी करून ठेवायचा. माझं अजून तसंच चालू आहे."

काय सांगायचं ते मला कळत होतं, पण सांगवत नव्हतं. इतक्या वर्षांचं ते तेल ओघळून खाली काडतुसाच्या जागी साचलं होतं, आणि गोळीच्या उष्णतेने भाजून त्याचा थर धरला होता. शेवटी सांगून टाकलं. ती एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझ्या गुलाबांचंही त्याने असंच केलं होतं. खत घालघालून मारले!" हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आज इतकंच पुरे."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती कामाला लागलेली होती. तीन दिवस चाललं ते. आखूड दांड्याचा पितळी ब्रश, उग्र वासाचं क्लीनर आणि जुन्या चादरीच्या चिंध्या. तिची बोटं संधिवाताने सुजलेली. ब्रश सारखा निसटायचा, आणि मी हात मांडीखाली दाबून धरायचे.

"डावीकडे अजून आहे," मी सांगायचे.

"तुझी नजर म्हणजे शिक्षा आहे," ती करवादायची, आणि पुन्हा घासायला लागायची. चिंधी आधी काळी यायची, मग चहासारखी. तिसऱ्या दुपारी कोरी करकरीत बाहेर आली. मग तेलाचा एकच थेंब बोटावर घेऊन तिने मला दाखवला. मी 'जास्त आहे' अशी मान हलवली. तो अर्धा तिने पुसून टाकला.

शनिवारी ती मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली. नवराही आला, 'लांबून बघतो' म्हणत. पाच गोळ्या, पाच पुंगळ्या. एकेक उजवीकडे उडून सिमेंटवर खणखणत पडली. पाचवी पडल्यावर तिने रायफल रिकामी करून खाली ठेवली, मागे वळली आणि मला घट्ट मिठी मारली. कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढायचंही आम्हा दोघींना सुचलं नाही, त्यामुळे ती मोठमोठ्याने काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही.

नोव्हेंबरात ती हरणाच्या मांसाचं पुडकं घेऊन आली. मी शाकाहारी, त्यामुळे स्वयंपाक नवऱ्याने केला, घरून आणलेला काळा मसाला घालून. रस्सा तिला झेपला नाही. नाक पुसत, पाणी पीत दोन वाट्या संपवल्या मात्र. नवरा तिला म्हणाला, "मॅम, पुढच्या वर्षी कमी तिखट करतो."

"खबरदार," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.