गोठलेल्या तळ्यावरचा नारळ

लंडनमधल्या एजवेअरहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत चार बॅगा, थर्मासभर चहा, दोन डबे दशम्या आणि एक नारळ होता. नारळ आमच्या ह्यांचा. हे गुहागरकडचे, जन्मापासून समुद्रकाठचे. नवं पाणी पाहिलं की त्याला नारळ द्यायचा हा त्यांच्या घरचा रिवाज. नर्मदेला दिला, कावेरीला दिला. थेम्सलाही देणार होते, पण आमचा मुलगा अमेय आडवा आला. "बाबा, प्लीज! इथे नदीत काहीही टाकलं ना, तर कौन्सिलला एक्सप्लेन करत बसावं लागेल मला." तेव्हापासून नारळ त्याच्या फ्रिजवर वाट पाहत होता.

मी चिपळूणच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझा आवडता धडा पाण्याच्या असंगत आचरणाचा. सगळे पदार्थ थंड झाले की आकुंचन पावतात, पाणी मात्र चार अंशांच्या खाली गेलं की उलट प्रसरण पावतं. म्हणून बर्फ वर तरंगतो, तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. प्रयोगाला लागणारा बर्फ मी मासळीबाजारातून आणायची, भुशात गुंडाळलेला लादीचा तुकडा. त्याला कोळंबीचा वास यायचा आणि मुलं नाकं दाबून तापमापी वाचायची. गोठलेलं तळं मात्र जन्मात पाहिलं नव्हतं. अमेयने "आई, वेदर मस्त फ्रीझिंग आहे, स्कॉटलंडला, हायलँड्समध्ये जाऊ या" म्हटलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवायच्या आधी हो म्हणाले होते.

पहिला मुक्काम वाटेतल्या एका गावात झाला. तिथलं ओट्सचं पॉरिज (खीर म्हणायची, पण साखरेऐवजी मीठ) ह्यांनी दोन घासांत बाजूला सारलं आणि दशमी काढली. दुसऱ्या दिवशी आविमोरच्या पुढे रस्ता वळला, पाइनची झाडं सरली आणि अमेयने न सांगता गाडी थांबवली.

समोर लॉख होता. लॉख म्हणजे तळं, पण आपल्या तळ्यांसारखं नव्हे. हा दोन डोंगरांमध्ये मैलभर पसरलेला. आणि तो पांढरा होता. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी नावाची वस्तूच दिसत नव्हती. मधोमध वाऱ्याने बर्फाची भुकटी उडवून नेली होती, तिथे काळीभोर काच उघडी पडली होती आणि तिच्यात पलीकडचा डोंगर उलटा दिसत होता. मी खाली उतरले आणि मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं फळ्यावर मी ज्याच्या आडव्या रेघा मारत होते, ते हे एवढं मोठं होतं.

तेवढ्यात तळ्यातून आवाज आला. लांबलचक, घुमणारा, ताणलेली तार कोणीतरी छेडावी तसा. हे दोन पावलं मागे सरले.

"बोलतंय की हे!" ते म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.

आमचं राहण्याचं घर काठावरच होतं. मालकीण मोरॅगबाई, सत्तरीच्या, गुडघ्यापर्यंत बूट, पायांत घोटाळणारा एक म्हातारा कुत्रा. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळे, उरलेलं अमेय सांगे. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मेंढीच्या मटणाचं सूप आणि ह्यांच्यासाठी बटाट्याचं भरीत केलं. मी त्यांना तिळाचे लाडू दिले. गोड बोलायचं असतं हे खाल्ल्यावर, असं अमेयने सांगताच त्या म्हणाल्या, "मग तर मला अवघडच जाईल."

मी तळ्याबद्दल विचारलं. त्यांचे वडील हिवाळ्यात या बर्फावरून चालत पलीकडच्या चर्चला जायचे म्हणे, एकदा घोडाही नेला होता.

"आणि तुम्ही?"

"मी नाही जात. आताचे हिवाळे बेभरवशाचे. आठ दिवस गोठतं, नवव्या दिवशी पाऊस." मग त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "आणि त्या बर्नकडे तर वडीलही जात नसत."

बर्न म्हणजे ओढा. तो कुठे येऊन मिळतो ते मी पाहिलं, मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. माझे विद्यार्थी नेमकं असंच करायचे. बाईंचं सगळं पटल्यासारखी मान डोलवायची आणि वहीत काहीच लिहायचं नाही.

सकाळी लख्ख ऊन पडलं. अमेय अंघोळीला गेला होता. हे स्वेटरवर स्वेटर चढवून, कपाळाला गंध लावून, नारळ घेऊन काठावर उभे. मी शेजारी. त्यांनी डोळे मिटले, पुटपुटले आणि गुहागरच्या समुद्रात सोडतात तसा नारळ अलगद पुढे सोडला.

नारळ बुडाला नाही, तरंगला नाही. टण् असा आवाज करून घरंगळत निघाला, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि वीसेक पावलांवर शेंडी वर करून बसला. मला हसू आवरेना. ह्यांचं तोंड मात्र उतरलं.

"हे बरं नाही झालं," ते म्हणाले. "दिलेला नारळ असा उघड्यावर राहिला. घेतलाच नाही पाण्याने."

"अहो, पाणी खाली आहे. घेईल कसं?"

"तिकडे घेईल." ओढ्याच्या तोंडाशी एक काळी पट्टी दिसत होती, उघड्या पाण्याची. "नारळ उचलून तिथवर नेतो. पेलेल का गं हे?"

त्यांनी मला विचारलं. हे मला लिहिलंच पाहिजे. ते स्वतःहून गेले नाहीत, आधी मला विचारलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात, कोणत्या गोळीने पित्त कमी होतं इथपासून ग्रहण किती वाजता सुटतं इथपर्यंत, शास्त्रातलं काहीही असलं की ते मला विचारतात आणि मी सांगेन ते प्रमाण मानतात.

मी काठाशी बर्फावर टाच आपटली. दगडावर आपटावी तशी झिणझिणी आली. एका भेगेत डोकावून जाडी पाहिली, वीतभर सहज होती. "चार बोटं बर्फ माणूस पेलतो," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. "इथे वीतभर आहे. जा खुशाल. मी तुमचा फोटो काढते."

ते गेले. नारळापर्यंत काहीच झालं नाही. त्यांनी तो उचलला, माझ्याकडे वळून हसले. तो फोटो माझ्याकडे आहे. मग ते ओढ्याकडे चालू लागले. मागे घराचं दार आपटलं, मोरॅगबाई काहीतरी ओरडत होत्या, आणि त्याच वेळी कपाट मोडावं तसा आवाज झाला. ह्यांच्या जागी फक्त काळं भोक होतं.

मग डोकं वर आलं. तोंड उघडं, पण आवाज नाही. नुसता श्वास आत ओढत होते, एकामागून एक, बाहेर टाकताच येत नव्हता. मी बर्फावर धावले. चार पावलं गेले असेन, तोच माझी शाल मागून कोणीतरी खेचली आणि मी आपटले. मोरॅगबाई. "तू जायचं नाहीस! दोघांना कोण काढणार?" हे इंग्रजी मात्र मला अक्षरन् अक्षर कळलं.

अमेय ओल्या केसांनी, अनवाणी धावत आला. बाईंनी त्याच्याकडून छपरासाठी ठेवलेली शिडी ओढून आणवली. तिला दोर बांधला, ती बर्फावर आडवी सरकवली आणि अमेयला तिच्यावर पालथं झोपवलं. दोराचं टोक काठावरच्या झाडाला, आणि आमच्या दोघींच्या हातांत. हे पुढच्या बाजूने, ओढ्याकडच्या कडेवर चढू पाहत होते आणि दर वेळी ती कड तुटत होती.

"त्याला वळायला सांग," बाई मला म्हणाल्या. "आला त्या बाजूला. तिथला बर्फ त्याला पेलत होता."

अमेय ओरडत होता, "बाबा, टर्न अराउंड! बाबा, टर्न!" ह्यांना काही कळत नव्हतं. मी उभी राहिले आणि साठ मुलांचा गोंधळ एका हाकेत थांबवणारा आवाज काढला. "अहो! मागे फिरा! आलात तिकडे! हात पसरा, पाय मारा, पोहल्यासारखे!"

ते वळले. पुन्हा एकदा, माझं ऐकून. हात पसरले, पाय झाडले, छाती बर्फावर आली. अमेयने मनगट धरलं आणि आम्ही ओढलं.

घरात नेल्यावर मी त्यांचे तळवे चोळायला बसले. आपल्याकडे तेच करतात. मोरॅगबाईंनी माझा हात धरला. चोळायचं नाही, हळूहळू ऊब द्यायची. ओले कपडे काढले, ब्लँकेटांत गुंडाळलं, कुत्र्याला कुशीत झोपवलं. अँब्युलन्स येईपर्यंत हे कुडकुडत होते. बोलता यायला लागल्यावर पहिलं काय म्हणाले? "नारळ घेतला गं त्याने."

इस्पितळात दोन रात्री काढून आम्ही काठावरच्या घरी परतलो. बाकी ठीक होतं. डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा वेळ झाला असता तर हातात जोरच उरला नसता. वाहतं पाणी बर्फाला खालून खात असतं, म्हणून ओढ्याच्या तोंडाशी तो कागदासारखा असतो, हे मोरॅगबाईंनी निरोप देताना समजावून सांगितलं. इतकी वर्षं मी शिकवलं ते सगळं खरं होतं. फक्त ते स्थिर पाण्याचं होतं, चंचुपात्रातल्या.

चिपळूणला आल्यावर मार्चमध्ये अमेयने मोरॅगबाईंचा निरोप पाठवला. बर्फ वितळला, आणि नारळ तरंगत त्यांच्या काठाला लागला. कुत्र्याने तोंडात धरून घरी आणला. आता याचं काय करायचं असतं?

हे झोपाळ्यावर होते. ऐकून इतके हसले की खोकला आला. "फोडून खा म्हणावं. पाण्याने परत दिलं तो प्रसाद."

मी त्यांच्या शेजारी बसले. दोन महिने सांगायचं राहिलेलं एक वाक्य होतं. "मी जा म्हणाले म्हणून तुम्ही गेलात," मी म्हटलं. "मला कळत नव्हतं आणि कळतं असं मी बोलले. चुकलं माझं."

त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय हे. कुठेतरी लिहून ठेव."

म्हणून हे लिहिलं.