रामगढच्या बेटावरची शीळ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. बाबा जयपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ज्याचं पीस किंवा विष्ठा दाखवता येत नाही ते अस्तित्वातच नाही, असा त्यांचा खाक्या! मीही त्याच वळणाची. तरी हे लिहितेय...

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही मूळचे चिपळूणचे, राहायला जयपुरात सिव्हिल लाइन्सला. थंडीत सुटीच्या दिवशी आई, बाबा आणि मी रामगढच्या तलावावर पक्षी बघायला जायचो. पाण्याच्या मधोमध बुडता बुडता राहिलेली एक टेकडी होती, तेच आमचं बेट. तिथे हाका मारायला सक्त मनाई — पक्षी उडतात. म्हणून एकमेकांना बोलवायला आम्ही कोकणातल्या कस्तुराची शीळ घालायचो. तो पक्षी जयपूरकडे नाहीच, त्यामुळे घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता. ऐकणाऱ्याने उलट शीळ द्यायची, हा नियम. आईचा शेवटचा सूर हमखास घसरायचा. बाबा चिडवायचे, "तुझ्या कस्तुराला पडसं झालंय."

त्या वर्षी आईचं हृदय अधू झालं होतं. होडीत चढणं शक्यच नव्हतं. बाबांचा पाय निघेना, तर तिनेच आम्हाला पिटाळलं. "जा हो तुम्ही! बदकं काय माझ्यासाठी थांबणारेत? भाभीजी आहेत ना सोबतीला." शेजारच्या भाभीजी स्वेटर विणत तिच्याजवळ बसल्या.

नावाडी आम्हाला बेटावर सोडून परत गेला, तो संध्याकाळीच येणार होता. बेटावर तिसरं माणूस नव्हतं. भर दुपारी आम्ही खडकाआड बसलो होतो आणि पलीकडच्या बाभळींतून कस्तुराची शीळ आली. अगदी स्पष्ट. शेवटचा सूर घसरलेला.

मी उत्तर द्यायला ओठ जुळवले, तोच बाबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे लकाकत होते. "कस्तूर! जयपूरला! तोही डिसेंबरात! गप्प... उडेल तो."

पुन्हा शीळ आली. बाबा दुर्बीण घेऊन पोटावर सरपटत बाभळींपर्यंत गेले. तिथे काहीच नव्हतं. तरी परतताना होडीत ते केवढे खूश होते! "आईला सांगू, तुझा पडसं झालेला कस्तूर सापडला."

घरासमोर माणसं जमली होती. आई दुपारीच गेली होती.

भाभीजी रडत बाबांना म्हणाल्या, "भाईसाब, एकदम उठकर बैठ गईं. खिड़की खुलवाई. दो बार सीटी बजाई, फिर कान लगाए बैठी रहीं. मैंने पूछा तो हँसकर बोलीं, लगता है सुना नहीं उन्होंने."

बाबांनी गळ्यातली दुर्बीण काढून पायरीवर ठेवली.

पुढे मोठी झाल्यावर मी म्हणून पाहिलं, की साळुंक्या नकला करतात, एखादीने आमचीच शीळ उचलली असेल. बाबा फक्त "असेल" म्हणाले. पण ते दर थंडीत बेटावर जायचे. दुर्बीण घरी ठेवून. बाभळींसमोर उभं राहून उलट शीळ घालायचे आणि थांबायचे... कधीच काही आलं नाही.

आता बाबा नाहीत. तलावही आटला, बेटावर चालत जाता येतं. त्या दुपारचा खुलासा माझ्याकडे नाही. आईला वाटलं, आम्ही ऐकलं नाही. आम्ही दोघांनीही ऐकलं होतं गं.